जुबीने माझ्या नावाने झोळी घेतली

जुबेदाने माझ्यासाठी भीक मागितली होती.

आज सकाळी ती गेली. भोरमध्ये, स्वतःच्या घरात. सुनेला चहा टाक म्हणाली आणि चहा यायच्या आत गेली.

नात म्हणते, "आजी, एवढी मोठी पोस्ट कुणी वाचत नाही."
नका वाचू. मला लिहायची आहे.

तेव्हा भोर संस्थान होतं. आम्ही दोघी मराठी चौथीत, एका बाकावर. तिचे वडील कापूस पिंजायचे, माझे शेती करायचे.

माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून मी झाले तेव्हा आईने गावाबाहेरच्या दर्ग्यात नवस बोलला होता, ही पोर दहा वर्षांची झाली की मोहरमात हिला फकीर करीन.

फकीर करायचं म्हणजे गळ्यात हिरवा धागा, खांद्याला झोळी आणि पाच घरी भिक्षा. त्या पिठाचा मलिदा करून पिराला द्यायचा. आमच्याकडे कितीतरी हिंदू घरांत हा नवस असायचा. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

आणि नेमकी त्याच मोहरमात मी मुदतीच्या तापाने आडवी!

आई डोकं धरून बसली. नवस चुकला की पोर हातची गेली, ही तिची खात्री. आणि नवस ज्याचा त्यानेच फेडायचा, हा नियम.

जुबी मला बघायला आली होती. तिने खुंटीवरची झोळी काढली, धागा गळ्यात घातला आणि कुणाला काही न विचारता बाहेर पडली.

मागायला गेली कुठे? तर स्वतःच्याच आळीत. बावळट!

शेजारीण म्हणाली, "काय गं, बापानं खायाला घालायचं सोडलं का काय?"

"म्या आज इंदू हाय. पीठ वाढा."

पाचही घरी हेच. मग मलिदाही तिनेच नेऊन दिला.

माझा ताप उतरला आणि खरा घोळ सुरू झाला.

आई म्हणाली, "धागा हिचा, आन् फकीर झाली दुसरीच पोर. आता पीर कुनाला राखंल?"

तिकडे जुबीच्या आईला, आमच्या चाचीला, भलतीच धास्ती. "इंदूचं दुखनं माज्या जुबीवर आलं तर?"

दोघींचं बोलणं बंद. आमचं एकत्र शाळेत जाणंही बंद. मी बरी झाले होते, पण माझ्याशेजारची जागा रिकामी. मला फार रडू यायचं.

शेवटी वडिलांनी बैलगाडी जुंपली आणि आम्हा चौघींना आंबवड्याला नागेश्वराच्या देवळात नेलं. दोन्ही आयांचं तिथल्या पुजाऱ्यांवर एकमत होतं. तेवढ्याच एका गोष्टीवर! चाची पायरीशी थांबली. आत घंटा वाजत होती, आणि वाटभर आईला चिकटून बसलेली जुबी मला हळूच चिमटे काढत होती.

पुजारी म्हणाले, "नवस तिकडं बोललाय, तो मी कसा सोडवू? दोघींच्या नावानं नारळ फोडतो. पन इचारायचं ते दर्ग्यातच इचारा."

गाडी मागे फिरली.

दर्ग्यात बायका उंबऱ्याबाहेर थांबतात. आम्ही तिथे बसलो. म्हातारे मुजावर बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि जुबीला म्हणाले, "मागताना नाव कुनाचं घेतलंस?"

"इंदूचं."

"मंग इंदूचा नवस फिटला. पीर काय शाळंतला मास्तर हाय व्हय, हजेरी घ्यायला?"

आईचा जीव भांड्यात पडला. चाची मात्र हलेना. "आन् माज्या जुबीचं काय?"

मुजावर आत जाऊन नवा धागा घेऊन आले आणि तो चाचीच्या हातात न देता माझ्या आईच्या हातात दिला.

"ही पोर तुमच्या पोरीसाठी दारोदार गेली. आता हिच्यासाठी तुमी मागा."

आईने पदर डोक्यावर घेतला. उंबऱ्यावर कपाळ टेकलं. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण उठून तिने धागा जुबीच्या गळ्यात बांधला, तिला पोटाशी धरलं, आणि चाची आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

त्यानंतर दर मोहरमात जुबीच्या नावाचा मलिदा आमच्या घरून गेला. आई होती तोवर आईने केला. मग मी. यंदा माझे हात चालेनात, तर नातीने मळला आणि मी नुसती सूचना देत बसले.

आज कुणीतरी जातीधर्माचे फॉरवर्ड पाठवलेत. वाचले नाहीत. कंटाळा येतो हो.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"जुबे, त्या दिवशी पिराजवळ काय मागितलंस गं?"

तोंडात दात नाही, तरी खळखळून हसली. "मागनार काय! एवढंच म्हनलं, इंदीला उठीव. मला एकटीला साळंत जायला न्हाई आवडत."

तिच्या मुलाचा आत्ता फोन येऊन गेला. माती दुपारी आहे. माझे गुडघे मला जिनासुद्धा उतरू देत नाहीत.

जुबे, मी रागावले आहे तुझ्यावर.
मलाही एकटीला नाही आवडत.

नीट जा गं.

तुझी इंदी