निमगाव टाळून

चकलांब्याच्या मुंजाजीची दमणी, त्याची ती हलकी छपराची बैलगाडी, ठाऊक नाही असा माणूस त्या काळी गेवराईच्या पट्ट्यात विरळाच. निजामाचं राज्य होतं. सडका म्हणाव्यात अशा थोड्या, बाकी साऱ्या बैलांच्या खुरांनी पाडलेल्या गाडवाटा. कुणाची लेक सासरी पोचवायची असो, म्हातारीला बीडच्या हकिमाकडे न्यायचं असो, लोक मुंजाजीलाच बोलवायचे. बैल त्याचे शांत आणि धनी त्याहून शांत. खोड एकच. दोन वाटा फुटल्या की हा गडी जवळची सोडून देखणी वाट धरायचा. ओढ्याकाठची, करंजाच्या सावलीची, मोर दिसतील अशी.

"काय बे मुंजाजी, गाडी हाकतोस का जत्रा फिरवतोस?" धोंडीराम तेली त्याला चिडवायचा.

"बैलालाबी डोळे हायेत की," मुंजाजी म्हणायचा आणि हसायचा.

अंजना त्याची एकुलती लेक. लुगडं नेसायला लागेपर्यंत ती बापाशेजारी धुऱ्यावर बसून हिंडली. पुढे निमगावच्या सुंदररावाच्या घरात तिला दिली. जावई उत्तरेश्वर कष्टाळू होता. पण विहीर खोदताना कड ढासळली आणि तो मातीखाली गेला. अंजनाच्या ओटीत तेव्हा रांगणारी पोर होती, सत्यभामा. घरात सगळे तिला भामा म्हणत.

दोनेक वर्षं अंजना सासरीच राहिली. मग सुंदररावानंच निरोप धाडला, की पोरीचं वय लहान आहे, दुसरं घर बघून तिचा पाट लावून द्या, आम्ही आड येत नाही. मात्र भामा आमच्या घराण्याची, ती इथंच राहील. रीतच तशी होती, भांडायला जागा नव्हती. मुंजाजी लेकीला घेऊन आला. भामा तेव्हा आजीजवळ निजलेली होती, म्हणून निघताना कुणी तिला उठवलं नाही.

पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात एक मोठं तळं आहे. त्याच्या काठी तळ्याची वाडी. तिथला बिभीषण बायको वारलेला, शेरडं-मेंढरं राखून असलेला, थोडी जमीन बाळगून असलेला माणूस. त्याच्याशी बोलणं झालं. दसरा उलटला की अंजनाला वाडीवर आणायचं आणि अंधार पडल्यावर पाट लावायचा असं ठरलं.

तळ्याला जायला दोन वाटा. सरळ वाट निमगावावरून जायची. काळ्या रानातून, उघडीबोडकी, पण एका मुक्कामाची. दुसरी बीडला वळसा घालून मांजरसुंब्याचा घाट चढायची आणि मग डोंगराच्या कडेकडेनं तळ्याच्या डोक्यावर निघायची. तिला मुक्काम वाढत, बैलांचा घाम निघे.

निघायच्या आधी मुंजाजीच्या बायकोनं, बायडाबाईनं, त्याला गोठ्याकडे बाजूला घेतलं. "निमगाववरनं जाऊ नगा."

"कावून?"

"पोरगी लेकराला बघंल आन् तिथंच बसंल. उठायची न्हाई. लेकरू रडून आजारी पडंल ते येगळंच. सुंदररावबी म्हनलेत, माय पुन्यांदा दारात नगं." बायडाबाईनं डोळ्याला पदर लावला. "मन घट करा. घाटानं न्या तिला."

 मुंजाजीच्याही मनात तेच होतं. नातीच्या मिठीतून लेकीला ओढून काढायची वेळ आली तर आपले हात चालणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अंजना गाडीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात हिरव्या खणाचा छोटा परकर, तिनंच शिवलेला. गावाबाहेर वडापाशी वाट फुटली. बैल आपसूक निमगावच्या अंगाला वळू लागले. मुंजाजीनं कासरा ओढला आणि त्यांना बीडच्या वाटेला लावलं.

छपराखाली हालचाल झाली. अंजना सावरून बसली होती, ती पुढे सरकली.

"बाप्पा, इकडून?"

"घाटानं जाऊ, माय. औंदा पाऊस लई झालाय. घाट असा हिरवा झालाय की बगत ऱ्हावं. सीताफळं पिकलीत. तू ल्हान असताना तुला किती आवडायचा!"

अंजनानं निमगावच्या वाटेकडे पाहिलं. मग मागे सरकून बसली. पाटाला निघालेल्या बाईनं हट्ट करू नये, असं तिला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं.

मुंजाजी आयुष्यात बोलला नसेल इतकं त्या प्रवासात बोलला. बीडच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, "किधर को चले, मुंजाजी?" तर त्यालाही घाटाचं कौतुक ऐकवलं. मांजरसुंब्याची चढण लागली. खरोखरच घाट सजला होता. कातळावरून पाणी झिरपत होतं, कड्याच्या कपारीत उशिराचा तेरडा अजून फुललेला होता, सीताफळीच्या झाडांवर पोपटांचा गलका चालला होता. खाली बीडकडचं सगळं रान बाजरीच्या धाटांनी पिवळं दिसत होतं. मुंजाजी एकेक दाखवत होता. "ती बग घार. आन् ते खाली देऊळ, दिसलं का?"

"दिसलं," अंजना म्हणायची.

त्यानं झाडावरचं पिकलं सीताफळ काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते फोडलं, दोन घास खाल्ले आणि बाकीचं फडक्यात बांधून ठेवलं. कुणासाठी ठेवलं, हे तिलाही कळलं नसावं. थोड्या वेळानं तिनं ते सोडून बैलांपुढे टाकलं.

डोंगराच्या कडेनं गाडी शेवटच्या वळणावर आली आणि खाली तळं दिसलं. चहूबाजूंनी टेकड्या, मधे निळंशार पाणी, काठाला बगळे, पलीकडे वाडीचा धूर. मुंजाजीनं गाडी थांबवली.

"बग, माय. तुव्हं सासर."

अंजना खाली उतरली. पुष्कळ वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "लई चांगलं हाय, बाप्पा." आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. "जाताना निमगाववरनं जावा. यवढं भामाला द्या. मोठं शिवलंय, दोन साल पुरंल."

मुंजाजीनं गाठोडं घेतलं. तिच्याकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

पाट लागला. बिभीषण समजुतीचा वाटला. दुसऱ्या दिवशी मुंजाजी एकटाच सरळ वाटेनं परतला आणि ऊन उतरताना निमगावात शिरला. सुंदररावाच्या दारापुढे गाडी थांबते न थांबते तोच केसरबाई, भामाची आजी, धावत बाहेर आली. तिनं गाडीत डोकावून पाहिलं.

"अंजना कुठं हाय?"

"तिला तर पोचवून आलो, इहीनबाई."

केसरबाई खांबाला धरून उभी राहिली. "पोचवून आलात? कोन्या वाटंनं?"

"घाटानं."

"आवो, आमी इथं वाट बगत बसलतो! दसरा झाल्यापून रोज लेकराला न्हाऊ घालून, वेनी घालून या ओट्यावर बसवत हुते मी. ह्येंचंच मन फिरलं. म्हनले, माय हाय ती, एकदा पोटाशी धरू दे. गाडी हितूनच जानार, निरोप कशाला धाडायचा?"

सुंदरराव आतून आला. रुबाबाचा माणूस, पण छपराखाली डोकावून त्यानं मान खाली घातली. "इवाई," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात भामा आजीच्या मागून पुढे आली. डोळ्यांत काजळ, वेणीला लाल दोरा. गाडीच्या चाकाला धरून तिनं विचारलं, "आई झोपली का आत?"

मुंजाजीनं गाठोडं सोडलं. त्यानं परकर तिच्या हातात दिला. तिनं तो तिथल्या तिथे अंगावरच्या कपड्यावर चढवला, तो पायांत लोळला, आणि ती आजोबाच्या गाडीत चढून बसली. "चला," म्हणाली. तिला उतरवायला केसरबाईला यावं लागलं.

मुंजाजी निघताना सुंदररावानं शब्द दिला. अंजनाचा संसार तिकडे रुळू द्या. पुढच्या दसऱ्याला पोरीला तळ्यावर घेऊन जा, चार दिवस आईजवळ राहील.

संक्रांतीला मुंजाजी वाडीवर गेला तेव्हा त्यानं हा शब्द अंजनाला सांगितला. तिचं तोंड असं उजळलं, की ओट्यावरच्या वाट पाहण्याची गोष्ट त्याच्या ओठांवर आली ती त्यानं तशीच गिळली. लेक किती दिवसांनी हसत होती! तिनं भामाला निजायला वाकळ शिवायला घेतली.

पण पुढच्या साली पावसानं दगा दिला. रानं वाळली, आणि दसऱ्याच्या तोंडाला मानमोडीची साथ आली. ताप चढायचा, छाती भरायची, धडधाकट माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी जायचा. चकलांब्यात घरटी माणूस पडला होता. मुंजाजी स्वतः तापानं फणफणला. उठून बसता येऊ लागलं तशी त्यानं गाडी जुंपली आणि भामाला न्यायला निमगाव गाठलं.

सुंदरराव ओट्यावर एकटाच होता. त्यानं मान हलवली. भामा गेली होती. केसरबाई तिच्याआधी. तो मुंजाजीला ओढ्याच्या काठी घेऊन गेला आणि तरवडाच्या झुडपांमागचा मातीचा छोटा उंचवटा दाखवला. वर कुत्र्यांच्या भीतीनं दगड रचले होते.

तिथून मुंजाजी सरळ तळ्यावर गेला. तळं आटून गढूळ झालं होतं. अंजना काठाशी शेरडांना पाणी पाजत होती, दिवस गेलेले. बापाची गाडी पाहून ती लगबगीनं आली आणि छपराखाली पाहून थबकली.

त्यानं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. भामा गेल्याचंही सांगितलं आणि गेल्या दसऱ्यानंतर ती रोज वेणी घालून ओट्यावर बसायची तेही सांगितलं. हे मनात घेऊन परत फिरणं आता त्याला जमणार नव्हतं.

अंजना रडली नाही. खाली बसली. मग म्हणाली, "बाप्पा, तुमी मला एक बार इचारायचं हुतं. कोन्या वाटंनं जायचं ते."

"चुकलं, माय."

"मी उठले असते तिथून. रडले असते, पर उठले असते."

त्यानंतर ती माहेराला आली नाही. बिभीषण येऊन क्षेमकुशल सांगून जाई. अंजनाला मुलगा झाला, पुढे मुलगी झाली. मुंजाजी वर्षातून एकदा तळ्यावर जायचा. ती पाटावर बसवून जेवू घालायची, पण बोलणं मोजकंच. भाड्याच्या गाडीत कुणी बाई बसली, तर मुंजाजी आधी तिलाच विचारायचा, "कोन्या वाटंनं जायचं, बाई?" लोकांना वाटायचं, म्हातारा वाटा विसरला.

बऱ्याच वर्षांनी बायडाबाई वारली. दहाव्याला अंजना आली, बिभीषणाच्या गाडीनं. केस पांढरे व्हायला लागले होते. सगळं उरकल्यावर तिनं बापाचं अंथरूण गुंडाळलं. "इथं एकटं कोन बगंल तुमाला? चला."

"तुव्ह्या घरी?"

"मग कुठं?"

गाडी बिभीषण हाकत होता. वडापाशी त्यानं मागे वळून पाहिलं, तेव्हा अंजना म्हणाली, "निमगाववरनं घ्या."

ओढ्याशी तिनं गाडी थांबवायला लावली. सुंदररावही तोवर गेला होता. ती जागा दाखवणारा आता मुंजाजीच उरला होता. लेकीच्या खांद्याला धरून तो उतरला आणि तरवडांतून वाट काढत गेला. पुरानं दगड सरकवले होते, माती सपाट झाली होती. त्यानं काठीनं दाखवलं.

"इथं?"

"इथं. डोकं या अंगाला."

अंजना बसली. तळहातानं माती सारखी केली, एकदा, दोनदा, जसं निजलेल्या लेकराचं पांघरूण करतात. मुंजाजी काठी टेकून शेजारी उभा होता. तिनं वर न बघताच त्याचा हात धरला आणि त्याला आपल्याजवळ खाली बसवलं. बैल पाणी पिऊन परत आले तरी दोघं तिथंच होती.

मग तिनं पदर सावरला. "चला बाप्पा, उन्हं कलली."