चंद्रव्वाची पहार आणि नऊ मीटरचा रस्ता

चंद्रव्वाचा हात आधी उठायचा, तोंड मागून. अक्कलकोटकडून लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा सासऱ्यानं, आप्पानं, सांगितलं, बायकांनी सुताच्या कांड्या भराव्यात, मागाला हात लावू नये. तिनं भरल्या कांड्यांची टोपली त्याच्या पायाशी आपटली आणि दुसऱ्या दिवशी मागावर उभी राहिली. नवरा गेल्यावर घरातले चारही यंत्रमाग तिच्याच हाताखाली आले. गल्लीत कुणी बायकोवर हात टाकला की चंद्रव्वा मागावरचा धोटा उचलून त्याच्या दारात जाई. आडवं सूत नेणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. एकदोघांच्या कपाळावर त्याची खूण अजून आहे. गल्ली तिला भ्यायची आणि अडलं-नडलं तर तिच्याकडेच धावायची.

भिंतीपलीकडच्या निम्म्या घरात तिचा दीर शरणप्पा राहायचा. मागांच्या हादऱ्यानं त्याच्या भिंतीला तडे गेले होते. सांगून सांगून थकला आणि शेवटी त्यानं महापालिकेत तक्रार केली. ही वस्ती राहण्याच्या झोनमधली, इथं माग चालवता येणार नाहीत, अशी नोटीस चंद्रव्वाच्या दारावर चिकटली. शहराबाहेर शेड घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. माग थांबले की घरच थांबणार. तिनं शरणप्पाची मानगूट धरून त्याचं तोंड त्या कागदावर दाबलं आणि अख्खी नोटीस मोठ्यानं वाचायला लावली.

मग नगरसेवकानं निरोप धाडला, की महापालिका नियम बदलतेय. रस्ता सहा मीटरचा असेल तर घरात चार मागांना परवानगी मिळेल. गल्ली तेवढी रुंद नव्हती, पण दोन्ही बाजूंचे दारापुढचे कट्टे काढले तर भरत होती. चंद्रव्वा दारोदार फिरली. गोजरबाई आपल्या कट्ट्यावर भाजी विकायची, ती अडून बसली. माझे माग बंद पडले तर तुझी सून कांड्या भरायला कुठं जाईल, असं चंद्रव्वानं विचारलं तेव्हा कुठं ती कबूल झाली.

महापालिकेच्या सभेत ठराव मंजूर झाला. फटाके वाजले, गुलाल उधळला. ठराव झाला म्हणजे नियम झाला, अशीच सगळ्यांची समजूत. सकाळी चंद्रव्वानं, खंडेनवमीला मागांना वाहतात तसं, पहारेला हळद-कुंकू वाहिलं आणि पहिला घाव स्वतःच्या कट्ट्यावर घातला. दुपारपर्यंत सगळे कट्टे भुईसपाट झाले. राहिला शरणप्पाचा, आणि त्यावर तो मांडी घालून बसलेला.

"वैनी, नुसता ठराव झालाय. वरनं मंजुरी येऊ दे की."

"ऊठ. न्हायतर तुज्यासकट फोडते."

तो हलला नाही. पहार त्याच्या गुडघ्याशेजारी पडली, दगडाची कपची उडून भुवईत घुसली. रक्तानं एक डोळा मिटला तसा शरणप्पानं पहार हिसकली आणि आडवी फिरवली. चंद्रव्वाचं डावं मनगट मोडल्याचा आवाज समोरच्या घरांपर्यंत ऐकू गेला. उजव्या हातानं वीट उचलून तिनं त्याच्या तोंडावर हाणली. दोन दात मातीत पडले. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं आणि त्याचाही कट्टा फोडला.

प्लास्टरातला हात घेऊन ती नगररचना कार्यालयात गेली. तिथल्या इंजिनिअर बाईंनी नीट समजावून सांगितलं. ठराव म्हणजे महापालिकेचा नुसता प्रस्ताव. राज्याच्या नियमावलीत मागांना नऊ मीटरचा रस्ता लागतो, ती मर्यादा महापालिकेला खाली आणता येत नाही. म्हणून राज्य सरकारकडून प्रस्ताव परत आला होता. गल्लीच नऊ मीटरची करायची, एवढं मात्र महापालिकेच्या हातात होतं. त्याचा नकाशा हरकतींसाठी भिंतीवर लागला होता. चंद्रव्वानं बोट ठेवून आपलं घर शोधलं. नव्या रस्त्याची लाल रेघ तिच्या मागांच्या खोलीतून जात होती. ज्या रस्त्यानं माग कायदेशीर होणार, तो रस्ता मागांवरूनच जाणार होता. गोजरबाईची तर बाहेरची खोलीच जात होती.

ती गप्प बसू शकली असती. पण संध्याकाळी गल्लीच्या मधोमध उभं राहून तिनं सगळं सांगितलं. गोजरबाईनं आपल्याच कट्ट्याचा दगड उचलला आणि तिच्या खांद्यावर मारला. मग दगडांची सर आली. खिडक्या फुटल्या. कुणीतरी विळ्यानं मागांवरचं ताणलेलं सूत कापलं. चंद्रव्वा धोटा घेऊन गोजरबाईसमोर गेली.

"मार की," गोजरबाई म्हणाली. "कट्टा फोडलास, आता डोस्कं फोड."

चंद्रव्वाचा हात उठलाच नाही.

नव्या रेघेवर पहिली हरकत तिचीच गेली. रस्ता रुंद करू नका, माग मी काढते. सुनावणीत साहेबांनी विचारलं, मग पोट कसं भरणार? ते तुमच्या नियमात बसत न्हाय, ती म्हणाली आणि खाली बसली. रेघ रद्द झाली.

भंगारवाला आला, त्यानं माग फोडूनच न्यायचे होते. त्याच्या गड्यानं घण उचलला तेवढ्यात शरणप्पा दारात आला. दात गेल्यामुळं त्याचे शब्द वारा सुटल्यासारखे निघत.

"आप्पाचे माग हैत, वैनी."

"व्हय. म्हणून परक्याच्या हातनं फोडायचे न्हाईत."

तिनं गड्याकडून घण घेतला आणि शरणप्पाच्या हातात दिला. चांगल्या हातानं तिनं माग धरून ठेवला, आणि त्यानं पहिला घाव घातला.