हाक न मारता आलेली ओ

अर्चना मंगळवारी गेली. तेरावं झालं आणि मी ऑफिसला गेलो.

गेलेल्या माणसाची खूण येते, अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. लोकांचे असे अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचो...

नाशिकला कॉलेज रोडवर आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. मी, माझी बायको अर्चना आणि आमचे गिरीश सर, आम्ही कांदा व्यापाऱ्यांसाठी बाजारभावाचा प्रोग्राम केला होता. व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर सर्व्हरला भाव विचारतो. मधे प्रॉक्सी क्लास नावाचा कोडचा तुकडा निरोप नेतो. उत्तर यायला वेळ लागतो. ते आलं की जे फंक्शन चालतं, तो कॉलबॅक. अर्चना भाव विचारण्याला हाक म्हणायची, म्हणून कॉलबॅकचं नाव तिने 'ओ' ठेवलं होतं.

"मॅडम, हे काय स्वयंपाकघर आहे?" सर तेव्हा म्हणाले होते.

"तिथे मारलेली हाक तरी वाया जात नाही, सर."

मी परतलो त्या दिवशी नामपूरचा भाव मालेगावच्या नावापुढे दिसत होता.

"तुमच्या मिसेसनी घाण करून ठेवलीये," सर ऑफिसातल्या सगळ्यांदेखत म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दुसरं कारण दाखवा. नाहीतर क्लायंटला तिच्या नावानिशी कळवतो."



दुपारी तिच्या मशीनवर बसलो. बाहेरून काही येऊ नये म्हणून नेटची वायर काढली, प्रोग्राम सुरू केला. भाव विचारायचं बटण दाबलं नव्हतं. म्हणजे हाक गेलीच नव्हती — आणि 'ओ' चाललं. स्क्रीनवर आलं: बाजार — हरसूल. भावाची जागा रिकामी.

हरसूल तिचं माहेर. आमच्या प्रोग्राममध्ये ते नावच नाही. शिवाय उत्तराबरोबर बाजाराचं नाव परत येण्याची सोयही त्या कोडमध्ये नव्हती...

मग मी जुना कोड उघडला. अर्चना प्रत्येक हाकेबरोबर बाजाराचं नाव पाठवायची. उत्तर तेच नाव घेऊन यायचं. ती आजारी असताना सरांनी ते काढून टाकलं होतं. आलेलं उत्तर शेवटी विचारलेल्या बाजाराचंच, असं धरलं होतं. दोन उत्तरं मागेपुढे झाली की भाव भलत्याच नावाला चिकटायचा.

सरांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं.

"आणि हे हरसूल? तुम्हीच सर्व्हरवर टाकलं असणार. पुरे झालं आता हे रडगाणं."

"वायर अजून माझ्या हातात आहे, सर."

त्यांनी वायरकडे पाहिलं नाही. "तिचं होतं तसं परत टाका," एवढंच म्हणाले. क्लायंटला 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून कळवलं. तेव्हापासून माझ्याशी ते कामापुरतंही नीट बोलत नाहीत.

हरसूल पुन्हा कधी आलं नाही. मी कोड ओळ न् ओळ वाचला. कारण सापडलं नाही.

ते फंक्शन व्यापाऱ्यांकडे रोज चालतं. त्याचं नाव 'ओ' आहे. घरी मी कोणाला हाक मारत नाही.