पाच मिनिटांत वाळणारा गोंद

"मले पूरा सेट पाहिजे. एकाच घरातला."

असं म्हणून सुभेदार वानखडे यांनी पिशवीतल्या चार गोल्फच्या काठ्या काउंटरवर ठेवल्या. चारही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब कापून बसवलेली, दुसरीला वायरमन वापरतात ती काळी टेप गुंडाळलेली.

अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या दुकानात गोल्फचं गिऱ्हाईक महिन्याला एखादं येतं. बाकी सगळं क्रिकेट, बॅडमिंटन आणि कॅरम. मी पुण्यात एका गोल्फ क्लबच्या रिपेअर वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काढली आणि आईच्या आजारपणात गावी परतलो. दुकानाच्या मालकांनी, शेठजींनी, मला एक कोपरा दिला. जुने सेट आणायचे, नीट करायचे, विकायचे, हे माझं काम.

सुभेदारांची नोकरीची शेवटची बारा वर्षं एका छावणीतल्या गोल्फ कोर्सची आणि तिथल्या काठ्यांची देखभाल-दुरुस्ती करण्यात गेली होती. साहेब लोक टाकून देतील त्या एकेका काठीवर ते संध्याकाळी खेळायला शिकले. स्वतःचा सेट कधीच नव्हता. निवृत्त झाल्यावर मूर्तिजापूरकडच्या आपल्या शेतात, एका पडीक तुकड्यावर, त्यांनी स्वतःच्या हातानं तीन होल तयार केले होते.

"सायबायच्या काठ्या पुसण्यात जिंदगी गेली यायची," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी पंचफुलाकाकू म्हणाल्या. "आता सोताची घेऊ द्या. पण पंधरा हजाराच्या वर नाही हां, भाऊ."

पंधरा हजारांत नवा चांगला सेट येत नाही. जुना येतो, बघून घेतला तर. माझ्याकडे त्या दिवशी दोन होते. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या. जसा नंबर वाढतो तसं डोकं जास्त तिरकं होतं, चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. एका सेटची डोकी पातळ, चकचकीत, सुरीच्या पात्यासारखी. त्याला ब्लेड म्हणतात. दुसऱ्याची जाडसर, मागून खोलगट. ती कॅव्हिटी बॅक. चेंडू डोक्याच्या बरोबर मध्यावर नाही बसला तरी कॅव्हिटी बॅक सांभाळून घेते. ब्लेड माफ करत नाही.

सुभेदारांचा हात ब्लेडकडे गेला. छावणीतल्या साहेबांकडे तसलाच असणार.

"साहेब, हा घेऊ नका," मी म्हटलं. "दिसायला देखणा आहे, पण रोज खेळणाऱ्याचा आहे."

"मले खेळता येत नाही म्हून राहिला काय तू?"

"तुम्हाला येतं. पण खांदा आता साठीचा आहे."

काकू हसल्या. सुभेदार नाही हसले, पण त्यांनी ब्लेड खाली ठेवली. मी त्यांच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. कॅव्हिटी बॅकच्या काठ्यांची लांबी त्यांना चपखल बसत होती. पाच नंबरपासून वेजपर्यंत, म्हणजे सगळ्यात तिरक्या डोक्याच्या काठीपर्यंत, सहा काठ्या. सुरुवातीला एवढ्या पुरतात. सौदा ठरला.

बांधायला घेतलं आणि सात नंबरच्या काठीतून बारीक कट-कट आवाज आला. डोकं ढिलं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. आयर्नचं डोकं दांड्याला वेल्ड केलेलं नसतं. डोक्याच्या नळीत दांडा घालून इपॉक्सी नावाच्या गोंदानं चिकटवतात. हा गोंद दोन ट्यूबा मिसळून करायचा असतो. गोल्फसाठीचा इपॉक्सी वेगळा. त्याला पक्कं व्हायला पुरता एक दिवस लागतो आणि तो धक्का सोसतो. बाजारात पाच मिनिटांत वाळणाराही मिळतो. त्यानं कपाचा कान चिकटवावा. हातानं ओढून बघितलं तर तोही घट्टच लागतो, पण धक्क्यांनी आतून तडकत जातो.

माझ्याकडचा चांगला गोंद दोन आठवड्यांपूर्वी संपला होता. पार्सल यायचं होतं.

"सोमवारी न्या," मी सुभेदारांना सांगितलं.

शेठजींनी मला बाजूला घेतलं. "गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे अन् तू त्याले सोमवार सांगून राहिला? लाव ना तो दुसरा. आजपर्यंत काय झालं?"

आजपर्यंत काही झालं नव्हतं. मी लावला. सुभेदारांना काही बोललो नाही. दहा मिनिटांनी डोकं पिळून बघितलं. हललं नाही. सेट दिला.

"रविवारी सकाळी ये शेतात," ते जाताना म्हणाले. "पयला बॉल तुह्यासमोर मारतो."

मी गेलो. सुभेदारांनी गवत इतकं नेमकं कापलं होतं की मला चप्पल काढावीशी वाटली. त्यांनी शिस्तीनं सगळ्यांच्या जागा ठरवल्या. मी मागे. काकू डाव्या हाताला, लांब, उंच ओट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या निळ्या ड्रमपाशी. सुरक्षित जागा कुठली विचारलं असतं तर मीही तीच दाखवली असती.

पहिले आठ-नऊ चेंडू सुरेख गेले. सगळे सात नंबरनं. मग त्यांनी थोडा जोर लावला.

आवाज वेगळा आला. चेंडू पुढे चार पावलांवर पडला आणि सुभेदारांच्या हातात नुसता दांडा राहिला. त्याच क्षणी डावीकडे धाड्कन काहीतरी आदळलं. ड्रमला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. भोक काकूंच्या कानाच्या उंचीवर होतं. काकू त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

कोणीच हललं नाही. काकूंनी हळूच आपल्या कानाला हात लावला आणि मग हाताकडे बघितलं.

सुभेदार दांडा टाकून धावले. त्यांनी काकूंना दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं, डोकं तपासलं, मान तपासली. "लागलं काय? बोल ना. लागलं काय?"

"नाई लागलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सुभेदारांनी परत येऊन दांडा उचलला, टोक उन्हात धरलं आणि नखानं खरवडलं. पांढरा भुगा पडला.

जुना सेट होता, होतं असं कधीकधी, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते म्हणू शकलो असतो. पण ते बारा वर्षं काठ्या चिकटवत आलेले होते.

"पाच मिनिटवाला," ते म्हणाले.

"हो."

"माहीत होतं तुले?"

"हो, साहेब. माहीत होतं."

मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. काकूंनी तिथूनच विचारलं, "काहून केलं, भाऊ, असं?"

सुभेदारांनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. "या ट्यूबनं अजून कोनाच्या काठ्या लावल्या?"

मी मघाशी म्हटलं ना, चांगला गोंद दोन आठवड्यांपूर्वी संपला होता; तेव्हापासून पाच मिनिटवालाच चालू होता. तोवर मी तो हिशोब मनात केलाच नव्हता. अमरावतीच्या एका डॉक्टरांच्या दोन काठ्या. ते स्वतः खेळत नव्हते. त्यांची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची.

मी फोन लावला. डॉक्टरांनी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"गाडीत बस," सुभेदार म्हणाले.

काकूंना शेजारच्या शेतातल्या जाऊबाईंकडे सोडून आम्ही निघालो. वाटेत मी फोन लावत राहिलो. बडनेऱ्याजवळ डॉक्टरांनी उचलला. मी काय झालं ते सांगितलं.

"ती बडनेरा रोडवरच्या ग्राउंडवर गेलीय," ते म्हणाले. "फोन घरीच आहे तिचा. मी हॉस्पिटलमध्ये आहे, निघतो."

ग्राउंडवर आम्ही आधी पोचलो. डॉक्टरांची मुलगी काठी मागे नेऊन उभी होती. तिच्यासमोर, थोड्या अंतरावर, दोन छोट्या मुली बॅडमिंटन खेळत होत्या. सुभेदार गाडीतूनच ओरडले. परेड ग्राउंडवरचा आवाज. मुलगी दगडासारखी थांबली.

मी तिच्या हातातून काठी घेतली. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात डोकं धरून पिळलं. फार जोर लावावा लागला नाही. डोकं माझ्या हातात आलं. दुसरी काठीही मी तिच्या पिशवीतून काढून घेतली.

मुलगी बघतच राहिली. "अंकल, मी आत्ता चाळीस बॉल मारले यानं," ती म्हणाली.

डॉक्टर आले. त्यांना बोलायचं ते बोलले, आणि ते सगळं योग्य होतं. सुभेदार माझ्या शेजारी उभे राहिले. माझी बाजू घेतली नाही, पण मला एकटं सोडून गेलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेठजींना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "लाव म्हटलं मी. पण लावला तू. तुले कळत होतं, मले नव्हतं कळत." हेही बरोबर होतं. त्यांनी ड्रमचे पैसे दिले आणि काकूंना भेटायला स्वतः गेले.

सुभेदारांनी सेट परत केला नाही. पार्सल आलं त्या दिवशी ते दुकानात स्टूल टाकून बसले. सहाही डोकी मी त्यांच्यासमोर गरम करून उतरवली, साफ केली, नव्या इपॉक्सीनं बसवली. त्यांनी प्रत्येक काठीला चिठ्ठी बांधायला लावली: कोणता गोंद, कोणता दिवस, कोणाच्या हातचा. ती पद्धत दुकानात अजून चालू आहे. काठ्या त्यांनी तिसऱ्या दिवशी नेल्या. मला शेतात पुन्हा बोलावलेलं नाही.

पहिला सेट घ्यायला येणारे कंपनी विचारतात, किंमत विचारतात, घासाघीस करतात. डोकं कशानं चिकटवलंय आणि किती तास वाळू दिलंय, हे कोणी विचारत नाही. विचारा. दुकानातला कारागीर उत्तर द्यायच्या आधी मालकाकडे बघायला लागला, तर सेट काउंटरवरच राहू द्या.