अमावास्येची लेन्स

आमच्या घरात कॅमेरा आला तो शिमग्याला, नवऱ्याच्या खांद्यावरून. तो मुंबईत नोकरीला. मी पालीच्या पलीकडच्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवायची आणि सासूबाईंसोबत राहायची. आमचा एकत्र संसार म्हणजे शिमगा, मे महिन्यातले आठ दिवस आणि गणपती. कॅमेरा माझ्यासाठी होता, निदान सांगताना तरी तसं सांगितलं गेलं.

त्याआधी सहा महिने मी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसून कॅमेऱ्यांचा अभ्यास केला होता. मला एकच फोटो हवा होता. गावामागे सडा आहे, उघड्या कातळाचा, वर झाड नाही की घर नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी पहाटेची एसटी गाठायला आम्ही सगळे त्या सड्यावरून आडवाटेने गेलो, तेव्हा दक्षिणेकडे आकाशगंगा पाहिली होती. पुढे दरवर्षी तिची आकृती फळ्यावर काढताना मला लाज वाटायची. खरी आकाशगंगा गावामागे असताना मी पोरांना खडूचे ठिपके दाखवत होते. तो फोटो मोठा करून वर्गात लावायचा, एवढाच माझा हट्ट होता.

नवऱ्याला चिठ्ठी लिहून दिली होती. कॅमेऱ्याची बॉडी जुनी चालेल. आकाशासाठी चौदा मिलिमीटरची लेन्स, एफ दोन पॉइंट आठ, कारण लेन्सचं तोंड जितकं मोठं उघडेल तितका अंधारातला उजेड आत येतो. घरच्या रोजच्या फोटोंना पन्नास मिलिमीटरची, ती स्वस्त असते. झूम नको. ‘झूम नको’खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्याने आणली नवीकोरी बॉडी आणि दोन झूम लेन्स. एक अठरा-पंचावन्न, दुसरी हातभर लांब.

“अगं, दुकानदार म्हणाला, झूम नसलेली लेन्स घरगुती माणसाने घेऊच नये. चालत पुढे-मागे व्हावं लागतं,” तो म्हणाला. “आणि ही बघ, चंद्र अख्खा दिसतो. तुला आकाशच बघायचंय ना?”

वर बॅग फुकट मिळाली होती. ती तो सगळ्या वाडीला दाखवत होता. चिठ्ठीचं विचारलं तर ती खिशातच होती, घडी न मोडलेली. मी “छान आहे” म्हटलं. त्या दोन शब्दांचा राग मला अजून येतो, आणि तो त्याच्यावर कमी, माझ्यावर जास्त आहे.

मग कॅमेऱ्याचा रोजचा वापर सुरू झाला. पालखी, हळदीकुंकू, डोहाळजेवणं, पंचायतीचं झेंडावंदन. बारशाला बोलावणं आलं की निरोपात “बाईंना कॅमेरा घेऊन या म्हणावं” असायचंच. मी जायची, लोकांना ओळीने उभं करायची, “हसा” म्हणायची. त्या हजारो फोटोंत मी कुठेही नाही. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं त्यांना काही वाटलंही नसेल.

आकाशाचा विषय काढला की मी म्हणायची, लेन्स चुकली. शाळेत म्हणायची, फोनवर नवऱ्याला म्हणायची, भांडताना तर हमखास. पण लेन्स हे अर्धंच खरं होतं. आकाशगंगेचा फोटो अमावास्येच्या आसपास काढावा लागतो, चंद्र असला की तो सगळं धुऊन टाकतो. आणि आमच्याकडे अमावास्येला उजाडायच्या आधी बाईमाणूस उंबरा ओलांडत नाही, सडा तर दूरच राहिला.

“आवसंला सड्यावं कशाला जायाचा गो?” सासूबाई म्हणायच्या. “चांदन्या खळ्यातनं दिसत नाय काय? राखनदाराची जागा हाय ती. घोव यील त्याच्यासंगती जा.”

नवऱ्यासोबत जायला त्यांची हरकत नव्हती. गंमत अशी की नवरा यायचा शिमग्याला, म्हणजे भर पौर्णिमेत. गणपतीत यायचा तेव्हा आभाळ ढगांनी भरलेलं. मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं आणि वर आंबे पेट्यांत भरायचे. शिमग्यानंतर पंधरा दिवसांनी हवी तशी काळी अमावास्या यायची, तेव्हा तो मुंबईत हजेरी लावून बसलेला. बारा वर्षं पंचांगाने आम्हाला असं खेळवलं. मी विज्ञानाची शिक्षिका, गावाचा न दिसणारा राखणदार मानत नव्हते. पण पहाटे एकटी सडा चढले असते तर गाव काय बोललं असतं, हे मात्र पक्कं मानत होते.

एकदा फक्त, फाल्गुनातल्या अमावास्येला, पहाटे सासूबाई झोपलेल्या असताना मी घरापुढच्या खळ्यात कॅमेऱ्याची तिवई लावली. दारापासून बारा पावलं. दोन पोफळींच्या मधून हातभर आकाश दिसत होतं. अठरा मिलिमीटर, वीस सेकंद शटर उघडं. आतून सासूबाई खोकल्या आणि मी तिवईसकट घरात आले. एकच फोटो निघाला होता. तो नीट न बघताच कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि कुणाला दाखवला नाही. लेन्सच बरोबर नाही म्हटल्यावर दाखवायचं काय.

सासूबाई गेल्या. भिंतीवर हार घातलेला त्यांचा फोटो आहे, तो मीच त्या लांबड्या लेन्सने काढलेला. लोक म्हणतात, बोलतील आता. नवरा निवृत्त होऊन कायमचा घरी आला, मीही निवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतून पहिली गोष्ट कोणती घेतली असेल तर ती चौदा मिलिमीटरची लेन्स. यंदाच्या फाल्गुनात तो स्वतःच म्हणाला, “चल, या अमावास्येला जाऊ. तुझी इच्छा एकदाची पुरी होऊ दे.”

पहाटे निघालो, सड्यावर पोचायला वीस मिनिटं लागली. वाटेत माणूस नाही, कुत्रं नाही, राखणदार नाही. वर मात्र दिवसासारखा उजेड होता. सड्याच्या दक्षिणेची जागा विकली गेली होती हे ठाऊक होतं, पण तिथल्या रिसॉर्टवाल्याने उंच खांबावर पांढऱ्या दिव्यांचं झुंबर लावलंय हे गावातून दिसत नव्हतं. मी तरी फोटो काढला. पडद्यावर दुधात पाणी घातल्यासारखं आकाश आलं, चार तारे. नवऱ्याने चष्मा वर करून बघितलं.

“गवतसुद्धा स्पष्ट आलंय,” तो म्हणाला. “भारी लेन्स आहे.”

मी बॅगेतून जुनी अठरा-पंचावन्न काढून लावली आणि तसाच फोटो घेतला. दोन्हींत काहीही फरक नव्हता.

घरी येऊन मी खळ्यातला तो जुना फोटो उघडला. पोफळींच्या मधल्या हातभर जागेत आकाशगंगा होती, तिच्यातल्या काळ्या रेघांसकट, वर्गात लावावी इतकी स्वच्छ. नवरा मागे उभा राहून बघत होता. “हा कुठल्या लेन्सने काढलास?” त्याने विचारलं.

“तू आणलेल्या,” मी म्हटलं. तो चहा टाकायला आत गेला.