बिनपंख्याचा लॅपटॉप

मी केम, आमचं गाव, सोडलं त्या सकाळी माझे वडील, अण्णा, माझ्यासोबत स्टेशनवर होते, पण मला पोचवायला नव्हे. त्यांना कुर्डुवाडीला एका लग्नात वाजवायचं होतं आणि गाडी एकच होती. त्यांच्या काखेत कापडी पिशवीत सनई आणि शेजारी तात्यांच्या काखेत दुसरी. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. अण्णा गाणं वाजवायचे आणि तात्या मागं एकच सूर धरून राहायचे. आम्ही गुरव. गावातल्या महादेवाच्या देवळात सकाळची सनई आमच्या घराकडं. आई कुंकवाच्या कारखान्यात डब्या भरायला जायची. निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि सोलापूरला उतरल्यावर एका अनोळखी बाईनं मला सांगितलं, अगं, गालाला कुंकू लागलंय तुझ्या.

कुर्डुवाडीला उतरताना अण्णा एवढंच म्हणाले, "गेलीस तर टिकून ऱ्हा तितं. सारकं मागं बघू नगंस."

मी टिकले. डी.एड. केलं, शाळेत लागले. यंत्रमागांच्या भागात खोली घेतली. तिथं दिवसभर खटक खटक चालायचं आणि गल्लीत तेलुगू बोलणं. पहिले सहा महिने मला नीट झोप लागली नाही. आता माग बंद पडले की जाग येते. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे गावातच राहिलेत त्यांना वाटत असेल की आम्ही सुटलो. सुटलो म्हणावं, तर दर सणाला पिशवी भरून परत कशाला येतो?

शाळेत मी पेटी वाजवायचे. मग मुलांच्या कविता चालीत बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करू लागले, पुढं स्नेहसंमेलनासाठी इतर शाळाही मागू लागल्या. अण्णा त्याला "शाळंचं वाजवणं" म्हणायचे. त्यात राग नसायचा. वाजवणं म्हणजे देवळातलं, बाकीचं नोकरीपुरतं, अशी त्यांची सरळ समजूत होती. दरम्यान तात्या गेले. तेव्हापासून अण्णा एकटेच वाजवत होते, मागं सुराशिवाय.

गेल्या वर्षी अण्णांचे पुढचे दात हलायला लागले. मी त्यांना सोलापूरला आणलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं की समोरचे वरचे चार काढावे लागतील, हिरडी खराब झालीय.

अण्णांनी विचारलं, "मग सनई?"

"कवळी बसवू आजोबा. पण ओठाला दाताचा आधार लागतो ना. पूर्वीसारखं वाजेल असं मी सांगू शकत नाही."

अण्णा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "पंधरा दिस थांबता का?" बाई हो म्हणाल्या, पण त्याहून जास्त नाही.

बसमध्ये मी त्यांना म्हटलं की दात काढायच्या आधी तुमचं सगळं रेकॉर्ड करून ठेवू. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुज्या त्या शाळंच्या मशीनवर?"

शाळेचा जुना लॅपटॉप दोन ट्रॅक एकत्र वाजवताना अडकायचा. नवा घ्यायचाच होता, आता घाई झाली. मी दोन संध्याकाळी मोबाइलवर सगळं वाचून काढलं. प्रोसेसर कितवा, रॅम किती, स्टोरेज कसलं. आमच्या संमेलनाला साउंड लावणारे सलीमभाई आहेत, त्यांनाही फोन केला. ते म्हणाले, "नंबरां नको देखो मॅडम. चालू करके कान लगाव." मला ते गमतीचं वाटलं. नवी पेठेतल्या दुकानात मी गेमिंगचा एक दांडगा लॅपटॉप घेतला. सगळे आकडे मोठे, कीबोर्डाखाली रंगीत दिवे. एवढ्या ताकदीच्या यंत्रात काही कमी पडणार नाही, असं मी धरून चालले.

शनिवारी केमला गेले. कोठीच्या खोलीत ज्वारीची पोती भिंतीला लावलेली असतात, तिथं आवाज घुमत नाही म्हणून तीच निवडली. अण्णांनी सनईची पत्ती ओली केली, फेटा सारखा केला आणि तासभर वाजवलं. मध्येच थांबून रुमालानं ओठ पुसत होते. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, "चालू दे की. उरलंय किती?"

मग मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटं ऐकून त्यांनी तो बाजूला केला.

"मागं ह्यो सूर कुणाचा?"

"सूर नाही अण्णा. लॅपटॉपचा पंखा. तापला की फिरतो."

"पट्टीत न्हाय," ते म्हणाले आणि सनई पिशवीत घालायला लागले.

मी रात्रभर तो घर्र आवाज काढायचा प्रयत्न केला. काढला की सनईच पातळ व्हायची. त्यांनी रक्त येईपर्यंत दिलेला एक तास माझ्या आकड्यांच्या हट्टानं वाया गेला होता आणि आता आठवडा राहिला होता. सकाळी आईनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी तुला कायबी म्हटलं न्हाय, म्हंजे लई लागलंय त्यांना." हे मला सांगायची गरज नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर सलीमभाईंना घेऊन दुकानात गेले. मालक आधी परत घ्यायला तयार नव्हते, पण सलीमभाईंची जुनी ओळख, त्यामुळं बदलून द्यायचं ठरलं. यावेळी मी आकडे विचारले नाहीत. दुकानातला एसी बंद करायला लावला, एकेक लॅपटॉप चालू करून त्यावर मुद्दाम दहा-बारा ट्रॅक लावले आणि कान टेकवला.

"मॅडम, शंख आहे का तो?" मालक म्हणाले.

शेवटी एक लहानसा, चपटा, आधी कुणीतरी वापरलेला लॅपटॉप हातात आला. त्यात पंखाच नव्हता. गेमिंगवाल्यापुढं अगदी साधा. पण मेमरी पुरेशी होती, आणि सलीमभाईंनी माइक जोडून टाळी वाजवून दाखवली, तेव्हा हेडफोनमध्ये ती टाळी उशिरा न येता हाताबरोबरच आली. सलीमभाई म्हणाले, "येच लेव."

पुढच्या शनिवारी अण्णांनी कोठीत बसायला नकार दिला. "तितं आवाज मरतोय. देवळात वाजवतो."

"देवळात चिमण्या आहेत, लोक येणार, घंटा वाजवणार."

"ती रोजचीच हायत. पाखरं माजी, फॅन तुजा."

मग देवळाच्या मंडपात सतरंजी टाकली. अण्णा बसले आणि सवयीनं डावीकडं सरकून जागा करून दिली. तात्या तिथं बसायचे. ते माझ्याही ध्यानात आलं आणि त्यांच्याही. मी म्हटलं, "अण्णा, आधी नुसता सूर वाजवा, पंधरा मिनिटं. मग तो तुमच्या कानात सोडते आणि त्यावर तुम्ही गाणं वाजवा."

"म्हंजे माज्या मागं मीच?"

"व्हय."

त्यांना ते खरं वाटलं नाही. पण गाल फुगवून त्यांनी सूर धरला. पंधरा मिनिटं नाही जमलं, सहा मिनिटं जमलं. तेवढं मी जोडून लांब केलं, फेट्यावरून हेडफोन बसवला आणि चालू केलं. अण्णांनी सनई ओठाला लावली, पण वाजवली नाही. नुसते ऐकत राहिले. मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी अण्णांना लहानपणापासून ऐकलंय. पण त्या सकाळी ते घाई न करता वाजवत होते. एक स्वर सोडून श्वास घेत होते, कारण मागं कुणीतरी सूर धरून थांबलेलं होतं. पूजेला आलेल्या बायका ताटं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चिमण्याही आल्या रेकॉर्डिंगमध्ये.

थांबल्यावर हेडफोन काढून त्यांनी तो हातात धरला. "तात्या बसल्यागत वाटलं बग," म्हणाले. मग लॅपटॉपवर हात ठेवून बघितला. "आन् ही मशीन गप बसली, चांगलं केलं."

पुढच्या मंगळवारी दात काढले. कवळी बसायला तीन महिने लागले. आता अण्णांची सनई फुसफुसते, वरचे स्वर निसटतात. देवळात वाजवतात, पण थोडकं. कुणीतरी सुचवलं की रेकॉर्डिंगच लावा भोंग्यावर. अण्णा म्हणाले, "देवाफुडं म्या हाय तवर म्याच."

घर म्हणजे काय, याचं माझं उत्तर बरीच वर्षं एकच होतं: जिथून निघाले ते. तिथं मी पाहुणी म्हणून यायचे. दारात पाऊल टाकलं की अण्णांचा पहिला प्रश्न असायचा, "कवा जाणार?" मला आधी तो लागायचा. नंतर कळलं की ते मला तयारीला वेळ देत होते, आणि स्वतःलाही. आता ते विचारतात, "आज काय रेकाड करायचं?" आणि सतरंजी आधीच मंडपात टाकलेली असते.

मागच्या रविवारी त्यांनी एक जुनी चाल काढली. तात्या आणि ते पोरवयात वाजवायचे ती. मी कधीच ऐकली नव्हती. तिसऱ्या ओळीला हवा निसटली. ते थांबले, कवळी जिभेनं बसवली, परत सुरू केली, परत थांबले. मला दुपारी निघायचं होतं.

"आजून येक टेक घे," अण्णा म्हणाले. हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचललाय.

पुन्हा निसटली. मग ते म्हणाले, आता दम न्हाय, उद्या सकाळी ताज्या दमानं होईल. माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी बाहेर पायरीवर जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. उद्या येत नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं.

"घरी काम आहे," मी म्हणाले.