माझ्या वतीने हिराकाकू

हिराकाकूंसमोर कुणाचं वाक्य पुरं झाल्याचं मला आठवत नाही. मोहाडीच्या आठवडी बाजारात भाजीवाली "बाई, वांगी आज..." म्हणते न म्हणते तोच काकू "किडकी हायेत, दिसून राहिलं मले" म्हणून मोकळ्या. पुष्कळदा त्यांचा अंदाज साफ चुकायचा, पण त्याची त्यांना काडीची फिकीर नव्हती. "तुमी बोलस्तोवर माझा भात शिजते," म्हणायच्या. आता त्या एकोडीला मुलाकडे राहतात. तेव्हा मात्र त्यांची आणि आमची भिंत एकच होती, त्यामुळे आमच्या घरातली निम्मी वाक्यं त्याच संपवायच्या, तीही पलीकडून.

माझी अक्कलदाढ आडवी उगवली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हिरडी कापून ती काढली, टाके घातले आणि बजावलं, फार बोलायचं नाही, गार आणि पातळच खायचं. गाल असा सुजला की आरशात बघून मलाच हसू आलं, आणि हसल्याबरोबर डोळ्यांत पाणी. काकू भाताची पेज घेऊन हजर. "अवो बाप्पा! एका बाजूनं त तू मस्त बाळसं धरली वो आशू!" मग पेज अगदी गार होईपर्यंत चमच्याने ढवळत बसायच्या. मी कण्हले की "दुखून राहिलं?" मी नाही म्हणून मान हलवली की "मंग कायले कण्हते?" त्यांचा राग यायचा, आणि त्या उठून गेल्या की करमायचं नाही.

त्याच दिवसांत माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. स्थळ नागपूरचं, मुलगा चांगला, पण लग्नानंतर मुलीने नोकरी सोडावी असं त्या लोकांचं म्हणणं. मी भंडाऱ्याला एका लॅबमध्ये रक्त तपासते. ते काम मला मनापासून आवडतं. पण बाबांना तसं स्पष्ट सांगायची माझी हिंमत होत नव्हती. विषय काढला की "आधी जमू तर दे, मग बघू" म्हणत ते पेपर उघडायचे.

आणि नेमका त्या रविवारी नागपूरच्या पाहुण्यांचा फोन आला. तुमसरला लग्नाला निघालोय, वाटेत डोकावतो. बाबांना नाही म्हणवेना. मी सुजका गाल ओढणीत लपवून बसले. "तिची दाढ काढलीय, बोलता येत नाही," आईने सांगितलं. तशा आधीच येऊन बसलेल्या काकू सतरंजीवर सरकत माझ्या शेजारी आल्या. "इचारा काय इचाराचं ते. मी हाये ना सांगाले."

शिक्षणाचं विचारून झालं, स्वयंपाकाचं झालं. काकूंनी केलेलं माझ्या पुरणपोळ्यांचं वर्णन ऐकून आई खाली बघू लागली. मी जन्मात पुरणपोळी केलेली नाही! मग मुलाची आई म्हणाली, "नोकरीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नानंतर..."

"नाही सोडनार," काकू म्हणाल्या. "सकाळची गाडी चुकली त रडते हे पोट्टी. असं काम कोनी सोडते का? तुमाले चालत असन त पोहे खा. नसन चालत तरी खा, पोह्यावर कायले राग?"

मुलगा खुदकन हसला. बाबा लालबुंद झाले. "वहिनी, हे तुमचं म्हणणं झालं. तिचं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि चक्क गप्प बसल्या. सगळे थांबले होते. मी गाल हाताने दाबून धरला.

"नाही सोडणार, बाबा."

शब्द बोबडे निघाले, टाका ताणला गेला, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं.

पाहुणे पोहे खाऊन गेले. त्यांचा नकार आला, तोही अगदी सभ्य शब्दांत. बाबांच्या तोंडासमोरचा पेपर काही दिवस खाली आला नाही. टाके निघाल्यावर मी पहिल्यांदा कामाला निघाले, तेव्हा मात्र तेच मला स्टँडवर सोडायला आले. ओळखीच्या एकाने विचारलंच, "पोरीचं जमलं का हो?" बाबा म्हणाले, "जमेल. आत्ता ती कामावर चालली आहे." मी खिडकीशी बसून तुमसर-भंडारा गाडीत खुशाल रडले.

संध्याकाळी काकूंचं पेजेचं भांडं परत द्यायला गेले आणि म्हटलं, "काकू, तुम्ही होतात म्हणून..."

"काहून माझं नाव घेते?" त्यांनी भांडं हातातून ओढून घेतलं. "मी त पोहे खा म्हनलं. बोलली त तू, पोरी. अन् ते बी सुजल्या तोंडानं."